रेवाच्या बारशाला परवानगी

निवृत्त झाल्यावर माणसाची परवानगी कशालाच लागत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. गॅसवाला टाकी देऊन जातो, सही बायकोची घेतो. गल्लीत गणपती बसवायचं ठरतं, तेव्हा माझ्याकडे वर्गणी मागायला येतात, मत विचारायला नाही. घरात आज भाजी कुठली, हा विषयसुद्धा मला डावलून निकालात निघतो. त्यामुळे ज्या दुपारी आमच्या कॉम्प्युटरनं पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ढाल काढली आणि अदबीच्या इंग्रजीत विचारलं की अमुक एक इसम बाहेरून आत येऊ पाहत आहे, आपली परवानगी आहे काय, त्या दुपारी मी खुर्चीत सावरून बसलो आणि बंडीवर शर्ट चढवला. बंडीवर बसून परवानगी नाकारता येत नाही, आणि मला ती नाकारायचीच होती.

त्याचं असं आहे. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या एका सरकारी खात्यात गेली. खात्याचं नाव सांगत नाही, अजून तिथे माझे दोन मित्र आहेत. माझं काम आलेल्या बिलांवर आक्षेप काढणं. बिल बरोबर असलं तरी पहिल्या फेरीत परत पाठवायचं, अशी माझ्या टेबलाची रीत होती. लोकांना हा छळ वाटायचा, पण त्यामागं एक शास्त्र होतं. बिल खरं असेल तर ते पुन्हा येतंच, आणि खोटं असेल तर पुन्हा यायची त्याला लाज वाटते. या शास्त्रावर माझी पेन्शन उभी आहे.

आमची बायको साळूबाई नेमकी उलट्या शास्त्राची. ती अंतरवालीची. चौकात रस्त्याला लागून घर, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, चहा, भाकरी. दारात आलेल्याला ‘न्हाई’ म्हणायचं नसतं, हे तिच्या आईनं तिला अक्षरांच्या आधी शिकवलं, आणि अक्षरं तर शिकवलीच नाहीत. ती अक्षरं पुढे आमच्या मुलीनं, शिवकन्यानं, शाळेतून आल्यावर आईला शिकवली.

कॉम्प्युटर आला तो या शिवकन्यासाठीच. ती आणि जावई संपतराव आयर्लंडात डब्लिन नावाच्या गावी असतात. रविवारी आमची दुपार म्हणजे तिची सकाळ. तेव्हा पडद्यावर तिचं तोंड दिसतं आणि आवाज तोंडाच्या थोडा मागून येतो. साळूबाई त्यासाठी वेणी घालून, ठेवणीतलं पातळ नेसून बसायची. बसून काय बोलायची, तर “जेवलीस का?” तिकडून “हो माय” आलं की गप्प. मग नुसती बघत राहायची. मी म्हणायचो, अगं बोल काहीतरी, त्यासाठीच तर एवढा खर्च केला. ती म्हणायची, “बोलायला लागले की बघायचं राहून जातं.”

इंटरनेट मी शेजारच्या धर्मराजबरोबर वाटून घेतलं होतं. धर्मराजचं मोंढ्यात बियाण्याचं दुकान. लाइन माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरात, आणि तिथून एक वायर आमच्या खिडकीतून निघून कपडे वाळत घालायच्या तारेच्या आधारानं त्याच्या घरात गेलेली. साळूबाई सवयीनं त्या वायरवरही पातळं वाळत घालायची. पातळ ओलं असलं की नेट हळू चालतं, अशी धर्मराजची तक्रार होती. बाकी जालन्यात असा शेजार शोधून सापडला नसता.

तर एक दिवस मी दुपारी आडवा झालेलो असताना साळूबाई कॉम्प्युटरपुढं बसली. शिवकन्याचे फोटो बघायला. पडद्यावर एक खिडकी उघडून काहीतरी विचारायची, ही ‘हो’ दाबायची. दुसरी उघडायची, पुन्हा ‘हो’. मी उठून पाहतो तर पडद्यावर एक हिरवा पोपट फिरतोय, एक बाई डोळे मिचकावतेय, आणि मला कुठल्याशा देशाची लॉटरी लागलीय.

“हे काय केलंस?”

“मी काय केलं? ते विचारून राह्यले व्हते येऊ का. मी म्हणलं या.”

“सगळ्यांना?”

“मंग? त्यातलं एक शिवकन्याकडून आलेलं असलं तर?”

मोंढ्याजवळच्या दुकानातून माणूस आणला. त्यानं पोपट काढला, डोळेवाली बाई काढली आणि सुरक्षेचा प्रोग्रॅम बसवून दिला. म्हणाला, “काका, आता तुम्हाला विचारल्याबिगर कुणी आत येणार न्हाई. हिरवं बटन दाबलं की आत, लाल दाबलं की बाहेर. आन् खाली हे छोटं खोकं हाय, त्यात टिचकी मारली की तुमचा हुकूम कायमचा. पुन्हा विचारणारच न्हाई.”

मला त्याचे हात हातात घ्यावेसे वाटले. आक्षेप, आणि तोही कायमचा! नोकरीत असताना असं खोकं मिळालं असतं तर मी लवकर बढती घेऊन बसलो असतो.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटरपुढं बसू लागलो. ढाल उगवली की वाचायचं. काय लिहिलंय ते अर्धं समजायचं. पण बिलंसुद्धा मी कुठं पूर्ण वाचत होतो? ‘विनंती’, ‘प्रवेश’, ‘धोका’, ‘परवानगी’ हे चार शब्द मला कोणत्याही भाषेत ओळखू येतात. लाल बटण, मग खोक्यात टिचकी. घड्याळाचा प्रोग्रॅम वेळ मिळवायला आत येऊ म्हणाला, नाकारला. छपाईचं यंत्र काहीतरी म्हणत होतं, नाकारलं. त्यानंतर ते यंत्र छापेनासं झालं, पण आम्हाला तरी काय छापायचं होतं?

गल्लीत ही बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या झुंबरबाईंनी कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं, वर काळी बाहुलीही. ती बाहुली पडद्यासमोर लोंबकळायला लागली आणि पुढल्या रविवारी शिवकन्या तिकडून “आबा, ते काय हाय?” म्हणून दचकली. गल्लीतले निवृत्त कंपाउंडर एकदा चहाला आले, त्यांनी पडद्यावर ‘क्वारंटाइन’ हा शब्द पाहिला आणि चहा खाली ठेवला. “गोवर आल्यावर पोराला येगळं ठिवतात ना, तेच हे. टीव्ही ह्याच खोलीत हाय का? मंग जल्दी हलवा.” टीव्ही माजघरात गेला. अँटेनाची वायर तिथवर पोचेना, पडद्यावर नुसत्या मुंग्या, म्हणून साळूबाईची मालिका दोन आठवडे आवाजावर चालली.

खरी ठिणगी पडली ती पुढे. एका सकाळी ढाल म्हणाली, काल दुपारपासून आपल्याच जाळ्यातला एक दुसरा कॉम्प्युटर आपल्या कॉम्प्युटरात शिरू पाहत आहे. आपल्याच जाळ्यातला! जाळ्यात दुसरा होता कोण? वायर खिडकीतून निघून कुठं जात होती? मी खिडकीत जाऊन वायरीकडं पाहिलं. वायरीवर साळूबाईचं पातळ वाळत होतं आणि वायर सरळ धर्मराजच्या घरात शिरत होती. त्याला नेट माझ्या कॉम्प्युटरातूनच मिळतं, तेव्हा ते मागायला त्याचा कॉम्प्युटर घडोघडी माझ्या दारात येणारच, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. कोणी सांगितली नाही. मी शर्ट बदलला आणि त्याच्या दुकानात गेलो.

“धर्मराज, काल दुपारी तुम्ही माझ्याकडे शिरायचा प्रयत्न केला?”

धर्मराज सरकीच्या पिशव्यांची थप्पी लावत होता. “मी? काल तर मी घनसावंगीला गेल्तो साहेब, डीलर लोकायच्या मीटिंगला.”

“तुम्ही नाही. तुमचा कॉम्प्युटर.”

“तो तर घरी टेबलावर व्हता.”

“आजकाल टेबलावर बसल्याबसल्याच शिरतात.”

धर्मराजनं पिशवी खाली ठेवली. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही ऐकायला लागली. “साहेब, इतके वर्स झाले भिंतीला भिंत हाय. माझ्या घरची मांजर बी कधी तुमच्या दुधाला लागली न्हाई. आन् तुम्ही मला चार माणसात चोर म्हणून राह्यले?”

“मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं.”

“मंग यंत्रालाच शेजारी करा.”

हे वाक्य मला लागलं. घरी येऊन मी लाल बटण दाबलं आणि खोक्यात टिचकीही मारली. धर्मराजचं नेट बंद झालं, ऐन बियाण्याच्या बुकिंगच्या हंगामात. त्याला वाटलं मी सूड घेतला. मला वाटलं, पितळ उघडं पडलं म्हणून तो तोंड लपवतोय. वायरीवरून उडालेलं साळूबाईचं पातळ त्या दिवशी त्यानं घडी करून भिंतीवर ठेवलं, पण हाक मारली नाही. एरवी तो “वहिनी, झेंडा आला बघा तुमचा” म्हणून ओरडायचा.

“जा, आन् त्याला जरा गोड बोला,” साळूबाई म्हणाली.

“सावधगिरी बाळगली म्हणून गोड बोलायचं? सीतेनं भिक्षुकाला हो म्हटलं, पुढं काय झालं?”

“मंग रावण एकदा आल्ता म्हणून लोकायनं भिक्षाच बंद करायची का?”



हे सगळं चालू असताना शिवकन्याचे दिवस भरत आले होते. साळूबाईनं बाळंतपणाला तिकडं जायचं, हे मी माझ्या मनानं कधीच मंजूर करून टाकलं होतं. पण पासपोर्टला जन्माचा पुरावा हवा. साळूबाई शेतात, बाजरी काढायच्या दिवसांत जन्मली, एवढंच तिच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक. नोंद नाही. शाळेचा दाखला मागितला, तर शाळाच नाही. मी पासपोर्टच्या खिडकीतल्या माणसाला म्हटलं, अहो, ही समोर उभी आहे, जन्मल्याशिवाय उभी राहील का? तो म्हणाला, उभं राहणं हा पुरावा होत नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, म्हणून मला भांडताही येईना. प्रतिज्ञापत्र केलं, ते परत आलं. पुन्हा केलं. चौकशीला पोलीस आला तेव्हा आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो होतो, ते प्रकरण पुन्हा तळाशी गेलं. आणि शेवटी तिकडं मूल जन्मलं तेव्हा साळूबाईचा पासपोर्ट अजून जन्मायचाच होता.

मुलगी झाली. संपतरावांचा फोन आला. साळूबाईनं फोन ठेवला आणि डिंकाचे लाडू करायला बसली. मी म्हटलं, ते जाणार कसे? ती म्हणाली, जाऊ न्हाईतर नको जाऊ, लेक बाळंतीण झाली तर घरात लाडू व्हायला पाह्यजेत. डबाभर लाडू झाले. त्यातला एकही आम्ही दोघांनी खाल्ला नाही. रात्री जेवताना ती मध्येच विचारायची, तिथं बाजेखाली शेगडी कोण ठेवत असेल? तेल कोण लावतं? दवाखान्यातल्या बायायला पोर पायावर घेता येतं का? मी म्हणायचो, तिथं सगळी सोय आहे. ती म्हणायची, सोय हाय, पर माणूस हाय का? घरातल्या दोघांनी एकदम रडून भागत नाही, म्हणून मी वर्तमानपत्र उघडायचो.

बारसं कॉम्प्युटरवर करायचं, ही कल्पना शिवकन्याची. आमच्या विहीणबाई गोजरबाई राजूरला राहतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. आत्यानं कानात नाव सांगितल्याशिवाय पोरीला नाव नाही, मग ती आयर्लंडात असो की आकाशात. आत्या म्हणजे संपतरावांची बहीण बेबीनंदा, तीही राजूरलाच. तेव्हा बाराव्या दिवशी दुपारी सगळ्यांनी आमच्याकडे जमायचं, तिकडं शिवकन्या पाळणा कॉम्प्युटरपुढं ठेवणार, आणि बेबीनंदा इथून माइकात नाव सांगणार. साळूबाईच्या अंगात एकदम जीव आला. पासपोर्ट नको, विमान नको, नातीच्या बारशाला ती हजर असणार होती. तिनं भिंती झाडल्या, काळी बाहुली काढली, नवं पातळ आणलं.

त्या बारा दिवसांत शिवकन्या दवाखाना, मग घर, यात गुंतलेली. कॉम्प्युटरवर आली नाही, फोनवरच बोलली. आणि त्याच दिवसांत एका सकाळी ढाल उगवली. ती म्हणाली, बोलायच्या ज्या प्रोग्रॅमला आपण पूर्वी परवानगी दिली होती तो आता बदललेला आहे, तरी आत येऊ द्यावं काय? मी चष्मा पुसला. काल एक होता, आज दुसराच आहे, आणि जुन्या ओळखीवर आत येऊ म्हणतो! असले प्रकार मी खात्यात उभ्या आयुष्यात चालू दिले नव्हते. लाल बटण दाबलं. खोक्यात टिचकी मारताना साळूबाई मागं उभी होती.

“कोण व्हतं?” तिनं विचारलं.

“होता एक सोंगाड्या.”

“परत लावला?”

“कायमचा.”

“आधी एकदा लावून पाह्यचं का शिवकन्याला? धर्मराज भाऊला बोलवू, त्याला समजतं.”

“काही गरज नाही,” मी म्हणालो.

बाराव्या दिवशी राजूरहून जीप आली. गोजरबाई उतरल्या, बेबीनंदा उतरली, आणि तीन बायका अशा उतरल्या की त्या कोण होत्या ते मला अजून माहीत नाही. गल्लीतल्या बायका आल्या. गोजरबाईंनी येताना पाळणाही आणला होता. तिकडं एक असला तरी इथंही बांधायलाच पाहिजे, असं त्या म्हणाल्या. शिवकन्याच्या इथल्या जुन्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर पाळणा टांगला. वरवंट्याला कुंची घातली, काजळ लावलं आणि पाळण्याखालून-वरून फिरवून आत निजवला. घुगऱ्या शिजल्या. कॉम्प्युटर मी सकाळपासूनच सुरू करून ठेवला होता. गडबड नको. भारनियमनामुळं रोज चारला लाइट जाते, त्याच्या आत सगळं उरकायचं होतं.

ठरलेली वेळ झाली. पडदा शांत. बायका पडद्याकडं तोंड करून बसल्या होत्या. साळूबाई सगळ्यांत पुढं.

इतक्यात ढाल उगवली. एक अनधिकृत प्रयत्न यशस्वीरीत्या परतवून लावण्यात आला आहे.

“काय म्हणून राह्यलं ते?” गोजरबाईंनी विचारलं.

“कोणी आत शिरत होतं. हाकललं.”

“बाई! अशा टायमाला?”

“कार्याच्या घरावर डोळा असतोच अशांचा,” मी म्हणालो. बायकांत कुजबुज झाली. ढाल पुन्हा उगवली. आणखी एक प्रयत्न परतवला. मी पुन्हा वाचून दाखवलं. पुन्हा उगवली. तिसऱ्या वेळेस गोजरबाई म्हणाल्या, “बरं झालं व्याहीबुवा, तुम्ही घरी हायेत.” निवृत्तीनंतर असं वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. खुर्ची जरा पुढं ओढली आणि हात मागं बांधून उभा राहिलो. चोर मोठा चिवट होता. परतवला की पुन्हा येत होता, पुन्हा परतवला की पुन्हा. माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं, आमच्या टेबलाच्या शास्त्राप्रमाणं खोटा इतक्या वेळा येत नाही. पण गोजरबाईंसमोर ते मला ऐकायचं नव्हतं.

मग फोन वाजला. आपला साधा, घरचा फोन.

“आबा?” शिवकन्याचा आवाज रडवेला होता. “कव्हाची लावून राह्यले मी! दर टायमाला तुमच्याकडून नकार येऊन राह्यला. पोर झोपून उठली, पुन्हा झोपाया लागली. आबा, तुम्ही रागावले का माझ्यावर?”

रिसीव्हर हातात तसाच होता आणि पडद्यावर ढाल शेवटच्या प्रयत्नाबद्दल माझं अभिनंदन करत होती. लेक सातासमुद्रापारून पोर मांडीवर घेऊन दार वाजवत होती, आणि मी खोलीभर बायकांसमोर छाती काढून तिला हाकलत होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“काय झालं? शिवकन्या हाय का?” साळूबाईनं विचारलं.

“ते… प्रयत्न. तिचेच होते.”

  साळूबाई उठली, मागच्या अंगणात गेली आणि भिंतीवरून हाक मारली, “धर्मराज भाऊ! या हो जरा. पोरगी दारात उभी हाय आन् दार उघडंना.”

धर्मराज जेवता जेवता उठून आला. हात धुतला होता, पण मिशीला वरण होतं. माझ्याकडं न बघता तो खुर्चीत बसला. मी काहीतरी म्हणायला गेलो तर म्हणाला, “साहेब, आपलं भांडण उद्या करू. आता नाव ठिवायचं हाय.” मोबाइलवर त्यानं प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या दुकानवाल्याला धरला, आणि दुकानवाल्यानं सांगितलं, की साहेबांनी ज्याला ज्याला नाकारलं ते सगळे एका जागी बसलेले असतात, तिथं जाऊन एकेकाला हिरवं करा.

धर्मराजनं ती जागा उघडली. खाली, आणखी खाली, तरी संपेना. बायका मान लांब करून बघत होत्या.

“एवढ्या लोकायला न्हाई म्हणले तुम्ही?” बेबीनंदा म्हणाली. ते कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

“हे काय साहेब, घड्याळ?” धर्मराजनं विचारलं.

“द्या.”

“छपाईचं यंत्र?”

“द्या.”

मग त्याचा हात थांबला. “आन् हे?”

मी वाकून पाहिलं. तो त्याचाच कॉम्प्युटर होता. माझे कान तापले.

“ते तुम्ही,” मी म्हणालो.

“मंग? देऊ परवानगी?”

“द्या हो,” मी म्हणालो, “माझी चूक झाली.” हे वाक्य मी नोकरीत कधी तोंडी किंवा लेखी वापरलं नव्हतं. धर्मराजनं हिरवं केलं आणि मिशीवरचं वरण पुसलं. त्याच्या खालीच बोलायचा प्रोग्रॅम होता, तोही हिरवा केला.

आता लाइट जायला थोडाच वेळ राहिला होता. पडदा एकदा काळा झाला, एकदा निळा झाला, आणि मग शिवकन्या आली. वाळली होती. डोक्याला रुमाल बांधलेला. तिनं कॅमेरा खाली वळवला आणि पाळणा दिसला, आणि पाळण्यात एवढंसं तोंड, डोळे मिटलेलं. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम “अगं बाई” म्हणाल्या. त्याच क्षणी त्या तोंडावर लाल ढाल उगवली. कोणीतरी कॅमेरा वापरू पाहत आहे, आपली परवानगी आहे काय? मी हलायच्या आत साळूबाईनं धर्मराजच्या हातातून माउस ओढला आणि हिरवं बटण दाबलं.

“ये गं माय, ये,” ती म्हणाली.

बायकांनी पाळणा गायला सुरुवात केली. तिकडं तो तुकड्यातुकड्यांनी पोचत असावा, कारण संपतराव मध्येच टाळी वाजवत होते आणि ती चुकत होती. बेबीनंदानं माइक तोंडाशी धरला, तिकडं शिवकन्यानं कानाला लावायची ती वायर पोरीच्या कानाशी नेली. “कुर्रर्र,” बेबीनंदा म्हणाली, “नाव ठिवलं रेवा!” लगेच गोजरबाईंनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटा घातला, दुसरीनं घातला, तिसरीनं घातला, माइक पाळण्यात पडून वरवंट्यावर आपटला, आणि तो आवाज डब्लिनला असा गेला असावा, की रेवानं डोळे उघडले. सरळ समोर, आमच्याकडं.

साळूबाई उठली. तिनं हात पुढं केला आणि पडद्यावरच्या त्या गालावर तळवा ठेवला. जाड काचेचा जुना पडदा, सकाळपासून चालू होता, चांगलाच तापलेला.

“ऊन हाय गं,” ती म्हणाली. “अंग ऊन हाय पोरीचं.”

“बघू, मला बी बघू,” म्हणत गोजरबाई पुढं आल्या. त्यांनी हात लावला. “व्हय माय, बारीक ऊन हाय.” मग बेबीनंदानं लावला, मग झुंबरबाईंनी, मग त्या तीन बायकांनी, ज्या कोण होत्या ते मला माहीत नाही. प्रत्येकीनं लावला, आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. तिकडून शिवकन्या बघत होती. तिला फक्त तळहातच तळहात दिसत असतील, किंवा दिसतही नसतील. ती रडत होती आणि हसत होती.

मलाही हात लावायचा होता. फार लावायचा होता. पण एवढ्या बायकांसमोर, धर्मराजसमोर, टेबलावरच्या काचेच्या खोक्याला माझ्यासारख्यानं गोंजारायचं, हे मला जमेना. मी हात मागं बांधून उभा राहिलो. म्हटलं, या जराशा सरकल्या की लावू.

आणि लाइट गेली.

बायका थोडा वेळ अंधाऱ्या पडद्याकडं बघत बसल्या, मग घुगऱ्या वाटायला माजघरात गेल्या. धर्मराजला साळूबाईनं ओढूनच नेलं, आणि डिंकाच्या लाडूंचा डबा उघडल्याचा आवाज आला. खोलीत कोणी उरलं नाही. मी दार जरा लोटून घेतलं आणि पडद्यापाशी गेलो. रेवाचा गाल जिथं होता तिथं हात ठेवला. तोवर काच निवली होती.